शहीद म्हणालात, आता पुढचं बोला

बाळंतपणात बाई गेली की मय्यतीच्या घरात, बायकांच्या खोलीत, कुणीतरी वडीलधारी खाला तिच्या आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "रो मत, शहीद हुई बच्ची." आई थोडा वेळ गप्प होते. खोलीही गप्प होते. हे वाक्य मी आजवर बऱ्याचदा ऐकलं आहे. गेल्या हिवाळ्यात पुन्हा ऐकलं तेव्हा समोर पांढऱ्या चादरीखाली माझी विद्यार्थिनी होती. वय चोवीस. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिला उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवलं. मराठीतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तिचा शेवटपर्यंत सुटला नाही, पण निबंध असा लिहायची की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचे.

माझं त्या वाक्याशी भांडण नाही. बाळंतपणात मरण आलेल्या स्त्रीला हदीसमध्ये शहिदांत गणलं आहे, आणि जिची मुलगी गेली त्या आईला तेवढा आधार हवाच. माझं भांडण आहे ते वाक्य संपल्यावर पसरणाऱ्या शांततेशी. दर्जा तिला मिळाला. आपल्याला सुटकेची पावती कुणी दिली? लढाईत शहीद झालेल्याला कुणी मारलं, एवढं तरी लोक विचारतात. हिच्या बाबतीत तेही कुणी विचारलं नाही. म्हणून मी विचारते आहे.

घडलं ते असं. तिचं पहिलं बाळंतपण शहरातल्या एका खासगी दवाखान्यात झालं, सीझरने. मुलगा नऊ महिन्यांचा असताना पुन्हा दिवस गेले. या वेळी माहेरी, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तिला नेलं. "अबके ऑपरेशन नको" हे सासरच्यांनी आधीच बजावलं होतं, आणि "नॉर्मल करून देतो" असं तिथे सांगितलं गेलं. पहिल्या ऑपरेशनचं कार्ड कुणी मागितलं नाही, कुणी नेलंही नाही. सकाळी सलाईन लावलं, त्यात कळांचं इंजेक्शन टाकलं. थेंब किती पडतात हे कुणी मोजत होतं का, बाळाचे ठोके कुणी ऐकत होतं का, याचं उत्तर तिच्या आईकडे नाही. असरच्या सुमारास ती किंचाळली, पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं म्हणाली, आणि मग कळा एकदम थांबल्या. बाहेर बसलेल्या बायकांनी अल्लाहचे आभार मानले. पोरीला जरा आराम पडला, असं त्यांना वाटलं.

आराम पडला नव्हता, पिशवी फाटली होती.

थोड्या वेळाने ती पांढरीफटक पडली, घामाने भिजली, तेव्हा "जिल्ह्याला घेऊन जा" असं सांगण्यात आलं. गाडी शोधण्यात पाऊण तास गेला. शेवटी कुणाची तरी जीप मिळाली. पुढे साठ किलोमीटर रस्ता, मग रक्ताची शोधाशोध. पोट उघडलं तेव्हा बाळ पिशवीच्या बाहेर आलेलं होतं, मेलेलं. पिशवी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी फजरच्या आधी ती गेली. तिला गुस्ल देणाऱ्या बायकांत मी होते. पोटावर एक जुनी रेघ होती आणि एक ताजी.

पिशवी फाटते म्हणजे काय, हे आपल्याकडे बायकांनाही नीट माहीत नसतं, म्हणून सांगते. सीझरमध्ये पोटाबरोबर गर्भपिशवीलाही छेद देतात. टाके भरून येतात, पण ती जागा मूळच्या स्नायूसारखी राहत नाही. पुढच्या बाळंतपणात कळांचा जोर वाढला की तिथूनच ती उसवू शकते. नऊ महिने भरलेल्या पिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं, आणि बाईच्या अंगात एकूण रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. शिवाय हे रक्त पोटाच्या आत साचतं, बाहेर थोडंसंच दिसतं. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, फार काही गेलेलं नाही. नाडी धावू लागते, बाळाचे ठोके लागेनासे होतात, कळा अचानक बंद पडतात, कधी लघवीतून रक्त येतं. यातली एक खूण जरी दिसली तरी पुढची मिनिटं ऑपरेशन टेबलावर जायला हवीत. आमच्या मुलीची ती जीप शोधण्यात गेली.

कुणी म्हणेल, मग सीझरनंतर नॉर्मलचा प्रयत्नच करू नये. मी तसं म्हणत नाही. पूर्वी एकदा आडव्या छेदाचं सीझर झालेल्या बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर साधारण दोनशेत एकीची पिशवी फाटते. बाकीच्या जवळजवळ सगळ्या या धोक्यातून सुखरूप बाहेर येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण नॉर्मलही होतं. म्हणजे प्रयत्न करता येतो. पण त्या दोनशेव्या बाईसाठी शेजारच्या खोलीत ऑपरेशनची तयारी लागते, भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागतं, आणि कळा चालू असताना सतत लक्ष ठेवणारं माणूस लागतं. ज्या दवाखान्यात यातलं काहीच नाही, त्याने "नॉर्मल करून देतो" म्हणणं हे कौशल्य नव्हे, जुगार आहे. आणि त्यात डाव दुसऱ्याच्या जिवाचा लावलेला असतो. छेद उभा असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. गंमत अशी (गंमत कसली!) की पोटावरची रेघ आडवी असली तरी आत पिशवीवरचा छेद उभा असू शकतो. ते फक्त ऑपरेशनच्या कागदावरून कळतं. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांची यादी वीस वर्षं जपून ठेवतात. सीझरचं कार्ड मात्र महिनाभरात पोराच्या हातात खेळायला जातं.

सीझर न झालेल्या बायकांची पिशवीही फाटते, आणि ती फाटते मुख्यतः गरीब देशांत. बाळ आडवं असतं किंवा डोकं अडकतं, आणि तासन् तास, कधी दोन-दोन दिवस, कुणी काही करत नाही. पहिलटकरणीची पिशवी अशा वेळी बहुधा दमून थांबते. अडकलेल्या डोक्याच्या दाबाने लघवीच्या मार्गाला भोक पडतं, आणि बाई जगली तर आयुष्यभर लघवी गळत राहते. अशाच बायकांसाठी कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर जोडप्याने १९७४ साली इथिओपियात अदीस अबाबाला खास रुग्णालय काढलं. पण ज्या बाईची आधी बाळंतपणं झाली आहेत, तिची पिशवी थांबत नाही. ती जोर लावत राहते, फाटेपर्यंत. म्हणून "इसका तो चौथा है, आराम से हो जाएगा" हे आपल्या घरांतलं वाक्य इतकं धोक्याचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० साली गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी जगात २ लाख ८७ हजार बायका गेल्या, दिवसाला जवळजवळ ८००. त्यांतल्या सुमारे ९५ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. श्रीमंत देशांतल्या बायकांची पिशवी काही पोलादाची नसते. फरक आहे तो पिशवीच्या बाहेर.

आता त्या इंजेक्शनबद्दल. त्याचं नाव ऑक्सिटोसिन. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ साली त्याला नोबेल मिळालं. औषध वाईट नाही. बाळ जन्मल्यावर लगेच दिलं तर पिशवी आकसते, रक्तस्राव थांबतो. जगभर असंख्य आयांचा जीव त्याने वाचवला आहे. पण तीच ॲम्प्यूल बाळ बाहेर येण्याआधी, न मोजता, नुसती घाई म्हणून दिली तर पिशवीला दम घ्यायला उसंत मिळत नाही. कुठल्या बाईला किती थेंबांनी किती कळा येतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून थेंब मोजत, कळा मोजत, बाळाचे ठोके ऐकत ते द्यायचं असतं. सलाईनमधून दिलं तर निदान बंद तरी करता येतं, काही मिनिटांत त्याचा जोर उतरू लागतो. दंडात किंवा कमरेत टोचलं की परत घेता येत नाही.

पॅट्रिशिया आणि रॉजर जेफ्री हे दोघे अभ्यासक उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात अनेक वर्षं काम करत आले. तिकडे घरच्या बाळंतपणातही गावातल्या 'डॉक्टर'ला बोलावून ही सुई देण्याची रीत कशी पडली, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. लोक पैसे देऊन सुई मागतात, कारण त्यांना ती ताकदीची वाटते. बिजनौर दूर आहे, पण ती समजूत माझ्या मोहल्ल्यातही आहे. सुई लावली म्हणजे डॉक्टरने काहीतरी केलं. नुसता पोटावर हात ठेवून, घड्याळ बघत बसलेला डॉक्टर आपल्याला रिकामटेकडा वाटतो.

या औषधाच्या गैरवापराची दखल सरकारने घेतली, नाही असं नाही. २०१८ साली केंद्राने खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली. मुख्य कारण काय? गाई-म्हशींना दूध सोडायला लावण्यासाठी ते टोचतात म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली, कारण आयांना हे औषध मिळणं अडलं असतं. ते बरोबरच झालं. पण देशभर गाजलेल्या त्या वादात म्हैस जेवढी होती, तेवढी लेबर रूममधली बाई नव्हती, हे मला अजून खुपतं.

उपाय माहीत नाही असंही नाही. तो सापडला तोही आपल्यासारख्याच गरीब मुलखात. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, बाळंतपणाचा एक तक्ता बसवला, पार्टोग्राम. डॉक्टरपासून लांब असलेल्या दाई-सिस्टरसाठी. पिशवीचं तोंड तासाला किती उघडतंय ते कागदावर मांडत जायचं. त्यावर एक तिरपी रेघ सावधानतेची आणि चार तासांच्या अंतरावर दुसरी कृतीची. खुणा पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकल्या की सावध व्हायचं आणि मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. बस्स. एक कागद, एक पेन आणि वेळ बघण्याची सवय. मी शिक्षिका आहे. हजेरीपट भरण्याची सक्ती असूनही तो महिन्याच्या शेवटी एकदम कसा भरला जातो, हे मला ठाऊक आहे. पार्टोग्रामचंही अनेक ठिकाणी तेच होतं. बाळंतपण आधी उरकतं, तक्ता मागून भरतात. हजेरीपटात खोटं लिहिल्याने कुणी मरत नाही, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्राचे आकडे चांगले आहेत, असं मला लगेच सांगितलं जाईल. आहेतच. २०१८-२० मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. मला त्याचा आनंद आहे. पण जी वाचली आणि चोविसाव्या वर्षी पिशवी गमावून बसली, ती या ३३ मध्ये नाही. तिला पुढे तलाक मिळाला किंवा घरात सवत आली, तर ते कुठल्या तक्त्यात बसवायचं? आणि सगळी बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. माझी विद्यार्थिनी दवाखान्यातच होती की!

दुसऱ्या बाजूने सीझर वाढतच चाललंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सीझरने झाली. सरकारीत हाच आकडा १४ टक्क्यांच्या आसपास. खासगीत गेलं की बायकांचं कंबरेचं हाड अचानक अरुंद होतं काय? जिला गरज आहे तिला सीझर वाचवतं, आणि त्यात लाज कसली? पण गरज नसताना घातलेला प्रत्येक छेद पुढच्या बाळंतपणावर कर्ज ठेवून जातो. शहरातला दवाखाना बिल घेऊन मोकळा होतो. ते कर्ज तालुक्याच्या गावात, जिथे रक्तपेढीही नाही, तिथे फेडावं लागतं.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या माझ्या मोहल्ल्यातल्या लोकांना आता मी घरात घेऊन जाते. "हमारे घर की बहुओं का नॉर्मलही होता है" हे अभिमानाने कोण सांगतं? ऑपरेशन झालेल्या सुनेला आळशी, नाजूक म्हणून कोण टोमणे मारतं? एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं थांबून मग पुढचे दिवस राहावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टाक्यांवर टाके असतील तर ते अंतर जास्तच महत्त्वाचं. नऊ महिन्यांत पुन्हा दिवस गेले, ही काय त्या मुलीची एकटीची मर्जी होती? आणि सही? मी स्वतः पाहिलंय, बाई टेबलावर आणि तिचा नवरा फोनवर, दुबईतल्या मोठ्या भावाला विचारतोय. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीरावर शस्त्रक्रिया करायची तर संमती तिची स्वतःची लागते. त्या प्रकरणात सही आईने केली होती आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरला थांबायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. तरी कागद घेऊन सिस्टर बाहेर येते आणि पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

"तवक्कुल" हा शब्दही जरा जपून वापरावा. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवण आपण मदरशात पाठ केलेली असते. कळा चालू असलेली सून साठ किलोमीटर लांब रक्तपेढी असलेल्या गावात ठेवणं म्हणजे उंट मोकळा सोडणं.

काही वाचक म्हणतील, आपा, असं लिहून तुम्ही आपल्यावर बोट ठेवणाऱ्यांच्या हातात काठी देताय. त्यांची भीती मला कळते. सरकारी लेबर रूममध्ये बुरखा बघून "तुमच्यात तर दरवर्षीच असतं" हे मीही ऐकलंय, माझ्या दुसऱ्या वेळी, कळा चालू असताना. उत्तर द्यायला श्वास नव्हता. त्या एका वाक्यामुळे किती बायका सरकारी दवाखाना टाळून कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये जातात, याचा हिशेब आरोग्य खात्याने ठेवायला हवा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, येण्याजाण्याची गाडी, सगळं मोफत आहे. ज्या दारात अपमान आहे तिथे मोफत असून उपयोग किती? पण हे सगळं मान्य करूनही आपल्या घरातली चूक झाकून ठेवली तर काठी त्यांच्या हातात जाणार नाही, एवढंच. पोरी जात राहतील. आणि पिशवी फाटताना कलमा आणि मंत्र असा भेद करत नाही. जिथे रस्ता लांब आणि रक्त नाही, तिथल्या आदिवासी बाईचंही हेच होतं.

शेवटी आपल्या जमातीच्या पैशाचं बोलते, कारण तो माझाही चंदा आहे. आमच्या मशिदीकडे मय्यतीची गाडी आहे. पांढरी, स्वच्छ, डिझेल कायम भरलेलं. ड्रायव्हरचा नंबर मशिदीच्या फळ्यावर लिहिलेला. रात्री दोन वाजता फोन केला तरी येते. तिला कब्रस्तानात त्याच गाडीने नेलं. तिच्या आईच्या घरापासून मशीद चार मिनिटांवर आहे. ज्या संध्याकाळी पाऊण तास जीप शोधली, त्या संध्याकाळी ती गाडी तिथेच उभी होती. मय्यतीच्या गाडीत जिवंत बाई कशी घालायची, हा विचार आला म्हणून कुणी मागितली नाही की कुणाला सुचलंच नाही, मला माहीत नाही.

चाळिसाव्यानंतर तिच्या आईने पेटी आवरली, तेव्हा पहिल्या सीझरचं कार्ड सापडलं. बाळाच्या झबल्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेलं. त्यावर लिहिलं होतं की पुढचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावं. इंग्रजीत. मी तिला उर्दू शिकवलं, मराठी शिकवलं. ते वाक्य या दोन्हींपैकी एका भाषेत असतं तर तिने ते मोठ्याने वाचलं असतं.

येत्या रविवारी जोहरनंतर जमातीची बैठक आहे. बायकांना त्या बैठकीत बोलावत नाहीत, पण अर्ज देता येतो. मी अर्ज लिहिला आहे: दुसरी गाडी, बाळंतिणींसाठी. फळ्यावर रक्त देणाऱ्या चाळीस जणांची नावं, रक्तगटासह. आणि खतीब साहेबांनी एका जुम्म्याला सीझरच्या कार्डाबद्दल पाच मिनिटं बोलावं. अर्जाला त्या कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. अर्ज द्यायला तिची धाकटी बहीण माझ्याबरोबर येणार आहे. तिला सातवा महिना चालू आहे, पहिलं सीझरच झालं होतं.